आवाज बोरिमचा, वायर त्यांची

मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मी रागावलेलो आहे. म्हातारी वस्तू बोलायला लागली की ती गोड आठवणी सांगेल आणि शेवटी दोन टिपे गाळेल, अशी तुमची अपेक्षा असते. गोड आठवणी माझ्याकडेही आहेत. त्याही सांगेन. पण माझ्या पोटातले तारेचे वेटोळे अजून तापलेले आहे, ते निवण्याची वाट बघत बसलो तर हे सांगायचे राहूनच जाईल.

मी मायक्रोफोन. सगळे मला माईकच म्हणतात. कोरियातल्या बुचॉनच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. तिथे एका मुलीने केसाहून बारीक तांब्याची तार गुंडाळून माझ्या पोटात बसवली. मागे लोहचुंबक, पुढे पातळसा पडदा आणि डोक्यावर जाळीची टोपी. माणूस बोलला की माझा पडदा थरथरतो, त्याबरोबर वेटोळे हलते, आणि त्या हलण्याची वीज होऊन वायरीतून पुढे धावते. एवढेच माझे काम. मला डोळे नाहीत. माणसे मी श्वासावरून ओळखतो. कोण जिना चढून धापा टाकत आला आहे, कुणी लसूण खाल्ला आहे, कुणाला रडू आवरत नाही, हे मला तोंड उघडायच्या आधीच कळते.

सोलच्या दक्षिणेला, बसने तासाभराच्या अंतरावर एक विद्यापीठ आहे. त्याचे नाव मी घेणार नाही. घेतले तर त्यांची फुकट जाहिरात होईल. तिथल्या विद्यार्थी भवनात वरच्या मजल्यावर प्रसारण कक्ष होता, आणि त्या कक्षाच्या टेबलावर मी. माझी वायर भिंतीतून खाली उतरून आवारातल्या खांबांवरच्या कर्ण्यांपर्यंत जायची. सकाळ, दुपार, संध्याकाळ विद्यार्थी माझ्यासमोर बसून बातम्या द्यायचे आणि गाणी लावायचे.

मी नवा होतो तेव्हाच्या उन्हाळ्यात हुकूमशाहीविरुद्ध मोर्चे निघत होते आणि रस्त्यांवर अश्रुधूर होता. खिडकी बंद असली तरी तो आत यायचा आणि निवेदकाला बोलता बोलता ठसका लागायचा. पकडून नेलेल्या मुलांची नावे वर्तमानपत्रांत येत नव्हती. ती एका मुलाने माझ्यासमोर बसून वाचली. सावकाश, प्रत्येक नावानंतर थांबून. दार फोडून पोलिसांची माणसे आत आली, त्यांनी मला उचलून भिंतीवर आपटले. माझ्या टोपीला पोचा पडला तो तेव्हा. दुसऱ्या दिवशी मला कुणीतरी जोडले, चाचपून "हॅलो, हॅलो" म्हटले, आणि मी चालू होतो! त्या पोच्यावरून नंतर कित्येक पिढ्यांनी बोटे फिरवली. नवा विद्यार्थी आला की जुने सांगायचे, "हा बघ, याने मार खाल्लाय."

मग बरे दिवस आले. गाण्यांच्या फर्माइशी, वाढदिवस, हरवलेल्या छत्र्या. एकदा एका मुलीने एका मुलाला थेट प्रसारणातच "मला तू आवडत नाहीस, माझ्या वसतिगृहाखाली उभा राहू नकोस, सर्दी होईल," असे सांगितले होते. सगळे आवार हसले होते. विभागाचे नाव दर काही वर्षांनी बदलायचे. आधी वृत्तविद्या, मग जनसंपर्क, शेवटी माध्यम, माहिती आणि तंत्रज्ञान. पाटी बदलायला आलेला माणूस दरवेळी भिंतीत खिळे ठोकायचा आणि माझा पडदा हादरायचा. पुढे प्रत्येकाच्या कानात स्वतःचे गाणे आले. कर्णे ऐकणारे कमी झाले. माझी स्पंजाची टोपी कुजून भुगा होऊन गळू लागली, आणि कित्येक महिने ती बदलायचे कुणाला सुचले नाही.

अशा दिवसांत तक बोरिम नावाची मुलगी आली.

निवेदकांची निवड चालली होती. आवाज कमी-जास्त करायच्या मिश्रक-यंत्रावर ग्यूसक बसला होता. हा ग्यूसक तिच्याहून एक वर्ष पुढे, हात हलका पण तोंड भारी तिखट. दार वाजले, आणि मला एक श्वास ऐकू आला. समुद्रावर हाका मारायची सवय असलेल्या माणसाचा, पोटातून येणारा.

"म्या तक बोरिम," ती म्हणाली. "हुक्सान बेटावरनं आल्ये. आय मोकपोच्या बाजारात मासळी इकते."

ग्यूसकने खुर्ची गर्रकन वळवली. "अगं, बातम्या द्यायच्यात इथे. मासळीचा लिलाव नाही करायचा."

"लिलाव लोक कान टवकारून ऐकत्यात, दादा. तुमचं दुपारचं बुलेटिन कोन ऐकतं?"

ग्यूसक इतका हसला की त्याची खुर्ची कुरकुरली. तिची निवड झाली. माझी टोपीही तिनेच बदलली. पहिल्याच आठवड्यात कुठून तरी नवा स्पंज आणला, कातरला आणि माझ्या डोक्यावर चढवत म्हणाली, "घ्या आजोबा. थंडी वाजत आसंल."

विभागात गुक सर शिकवायचे. पुदिन्याच्या गोळ्यांचा वास असलेला, मऊ, न घाबरणारा आवाज. पहिल्या वर्षाच्या मुलांना ते प्रसारण कक्षात घेऊन यायचे आणि माझ्यावर हात ठेवून सांगायचे, "माहिती म्हणजे विश्वास. ऐकणाऱ्याने आपले कान तुमच्या हाती दिलेले असतात. ते परत करेपर्यंत जपायचे." मला ते वाक्य फार आवडायचे. आज आठवले की पडदा जळतो.

गुक सरांनी बोरिमचा आवाज हेरला. फक्त बोली त्यांना नको होती. "सोलमधल्या माणसाला तू पटली पाहिजेस," ते म्हणायचे. "जिभेवरचं बेट उतरव." ती दातांत आडवी पेन्सिल धरून वाचायची. लाळ गळायची, जबडा दुखायचा. 'इकते'चे 'विकते' झाले, 'न्हाई'चे 'नाही' झाले. पोरीने वर्षभरात जिभेला असे वळण लावले की पुढच्या वर्षी दुपारचा आवाज म्हणजे बोरिम, हे सगळ्या आवाराला माहीत झाले. लोक पुन्हा कर्ण्याखाली थांबू लागले. कँटीनमधल्या बायका तिचे बुलेटिन सुरू झाले की भांड्यांचा खणखणाट थांबवायच्या, असे ग्यूसक सांगायचा.

एकदा बुलेटिन संपल्यावर तिचा फोन वाजला. हात कागदांनी भरलेले, म्हणून तिने तो टेबलावरच ठेवून स्पीकरचे बटण दाबले.

"नमस्कार, कोण बोलतंय?" तिने विचारले. अजून बुलेटिनमधल्याच आवाजात.

"आगं बया," पलीकडून आवाज आला, मागे बर्फ फोडल्याचा ठणठणाट. "कोन ही? इम्याची बाई का? मला नगं बाई इमा-बिमा. बोरिमला द्या फोन."

"आई, मीच आहे."

पलीकडे बर्फ फोडणे थांबले. "रागावलीस व्हय गं माझ्यावर?"

"न्हाई गं आये," बोरिम म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम पायऱ्या उतरून अंगणात आला. "कामात व्हते. जेवलीस का?"

त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत गुक सर एक प्रकल्प घेऊन आले. यंत्राला माणसासारखे वाचायला शिकवायचे होते. "अंधांसाठी," ते म्हणाले. "देशातली कितीतरी पुस्तकं अजून कुणी वाचून ठेवलेली नाहीत. तुझ्या आवाजात ती यंत्र वाचेल. विचार कर, बोरिम."

तिने फार विचार केला नाही. तिच्या बेटावर एक आंधळे मास्तर होते, त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायला ती लहानपणी जायची. त्यांच्यासाठीच करते, असे तिने ग्यूसकला सांगितले. सरांनी नवा चकचकीत माईक आणला होता, पण त्यावर तिचा आवाज पत्र्यासारखा यायचा. शेवटी मलाच उचलून त्या बंद खोलीत नेले. भर उन्हाळा, पंखा बंद, कारण त्याची घरघर येते. बोरिम घामाने निथळत वाचत राहिली. बदकाने टेकडीमागे पिवळी सायकल लपवली, मंत्र्यांची मावशी मुळ्याला मीठ लावते, अशी अर्थ नसलेली वाक्ये. प्रश्नाचा सूर, आनंदाचा सूर, दिलगिरीचा सूर. कधी दमली की एखादा शब्द बेटावरचा निसटायचा. गुक सर लगेच म्हणायचे, "हे पुसा. पुन्हा."

तिचा घसा बसला. ती मधाचे पाणी प्यायली आणि तिने पुन्हा वाचले. मित्रांनो, एवढे लक्षात ठेवा, की ती आनंदाने वाचत होती.

शरदात बातमी आली. माध्यम, माहिती आणि तंत्रज्ञान विभाग एका नव्या केंद्रात विलीन होणार. केंद्राचे नाव लांबलचक आणि चकाकते होते, ते कुणालाच पाठ झाले नाही. प्रसारण कक्षही जाणार. त्या मजल्यावर कॉफीचे दुकान आणि बसायला सोफे येणार.

बोरिमने दुपारच्या प्रसारणात विचारले, "विभाग बंद होत नाही, विलीन होतो, असं प्रशासन म्हणतं. साखरही चहात विलीन होते. आम्हाला फक्त एवढंच सांगा, पुढच्या वर्षी आम्ही कुणाचे विद्यार्थी? आम्हाला शिकवणार कोण? हा निर्णय घेताना कुणाला विचारलं?"

उत्तर आले नाही. दुसऱ्या दिवशी तिने तेच पुन्हा विचारले. तिसऱ्या दिवशी प्रशासनाचा एक माणूस वर आला. त्याचा श्वास छातीच्या वरच्या वरच होता. "यापुढे मजकूर आधी दाखवायचा, मग वाचायचा."

"बरं," बोरिम म्हणाली. आणि दुपारी तिने पहिली बातमी तीच दिली: "यापुढे आमचा मजकूर आधी दाखवावा लागेल, असं आम्हाला सांगण्यात आलं आहे. ही बातमी आम्ही दाखवलेली नाही."

खालून टाळ्या आल्या. मला वाटले, माझे तारुण्य परत आले.

त्यानंतरच्या सोमवारी ग्यूसकने बटण दाबले, बोरिम बोलली, माझा पडदा थरथरला, वीज वायरीत गेली, आणि कुठेच पोहोचली नाही. खांबांवरचे कर्णे मुके! भिंतीतली वायर कुणीतरी काढून खाली कार्यालयात नेली होती. भिंतीवर आपटले होते तेव्हाही मला इतके दुखले नव्हते. आपण बोलतो आहोत आणि आपला आवाज भिंतीत मरतो आहे, हे माईकलाच कळते.

"आता?" ग्यूसक म्हणाला.

"आता जेवू," बोरिम म्हणाली. "रिकाम्या पोटी भांडता येत नाही." तिने किंबापचा, म्हणजे समुद्रशेवाळात गुंडाळलेल्या भाताचा, डबा उघडला. तिळाच्या तेलाचा वास सुटला. दोघे खात होते, खिडकी उघडी होती. तेवढ्यात बाहेरचे कर्णे खरखरले.

"प्रिय विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो," कर्णे म्हणाले, "मी तक बोरिम. प्रसारण कक्ष आज तुमचा निरोप घेत आहे. नव्या केंद्राच्या निर्णयाचं मी आणि माझे सर्व सहकारी मनापासून स्वागत करतो. गेल्या काही दिवसांत आमच्यामुळे गैरसमज पसरले असतील, तर त्याबद्दल दिलगीर आहोत."

बोरिमच्या तोंडातला घास तसाच राहिला. चावण्याचा आवाज थांबला, त्यावरून मला कळले.

तो तिचाच आवाज होता. तिचा 'मी', तिचा 'दिलगीर', शब्दाच्या शेवटी हलकेच सोडलेला तिचा श्वास. माझ्या जाळीतून गेलेला, उन्हाळ्यात, घामात, मधाचे पाणी पिऊन दिलेला. दिलगिरीचा सूर त्यांनी त्यासाठी घेऊन ठेवला होता तर!

"हे..." ग्यूसकने डबा बाजूला सारला. "हे कधी रेकॉर्ड केलंस?"

"दादा!"

"नाही, म्हणजे... आवाज तर..."

"मी इथे बसलेय ना! तुझ्यासमोर खातेय!"

"दिसतंय गं मला. पण कान ऐकत नाहीत डोळ्यांचं." तो उठला, खिडकी धाडकन लावली. काचेमागून आवाज येतच राहिला, सभ्य, गोड, स्वच्छ. बोरिमने कान झाकले असतील, कारण ती फार मोठ्याने बोलू लागली. "बंद कर. दादा, बंद कर तिला." ग्यूसक काय बंद करणार? त्याच्या हातात वायर होतीच कुठे?

दुपारभर लोक दारावर थापा मारून गेले. "काय गं, कितीला विकलीस जीभ?" "सोलमध्ये नोकरी लागली वाटतं!" एका मैत्रिणीने दाराबाहेरूनच, रडक्या आवाजात विचारले, "निदान आम्हाला आधी सांगायचंस." बोरिम दार उघडून सांगायची, "ती मी नव्हे." आणि ज्या आवाजात ती हे सांगत होती तो आवाज अगदी त्या कर्ण्यातल्यासारखाच होता. कुणाला पटणार?

संध्याकाळी गुक सर स्वतः वर आले. पुदिन्याचा वास. खुर्ची ओढून बसले.

"रागावली असशील," ते म्हणाले.

"पुस्तकं म्हणाला होतात सर. अंधांसाठी."

"पुस्तकंही वाचेल ती. तंत्र आहे बोरिम, त्याचा उपयोग कुठे करायचा हे माझ्या एकट्याच्या हातात नसतं. विद्यापीठाने प्रकल्पाला मदत केली, आवाज त्यांच्याकडे आहे."

"आवाज माझ्याकडे आहे." तिने गळ्यावर थाप मारली. मला ऐकू आली. "हा काय, इथे."

"तू संमती दिली होतीस."

"वाचायला दिली होती. माझ्या नावाने खोटं बोलायला नाही. सर, मी दिलगीर नाही, आणि अख्ख्या आवाराने माझ्या तोंडून ऐकलंय की मी दिलगीर आहे. तुम्हीच शिकवलंत ना, ऐकणाऱ्याचे कान जपायचे म्हणून?"

गुक सरांनी नवी गोळी तोंडात टाकली. गोळी दातांवर आपटत होती. शेवटी म्हणाले, "नव्या केंद्राचं प्रमुखपद मला देणार आहेत. तिथे मी तुमच्यासाठी काहीतरी करू शकेन. आत्ता आरडाओरडा केलास तर मलाही हात बांधून बसावं लागेल."

"ते आधीच बांधलेत, सर. गाठ छान बसलीय."

"नीट बोल."

"नीट बोलायलाच तर शिकवलंत!" बोरिम ओरडली. "म्हणूनच तर चोरता आलं!"

खुर्ची मागे सरकली. पावले दाराकडे गेली. जाताना त्यांनी दार हळूच लावले. धाडकन लावले असते, तर मी त्यांना थोडे तरी माफ केले असते.

दुसऱ्या दिवशी दुपारी ग्यूसकने माझी वायर सोडवली, मेळाव्यांसाठी ठेवलेला बॅटरीवरचा कर्णा मला जोडून खांद्यावर घेतला, आणि बोरिमने मला मुठीत धरले. इतक्या वर्षांत मी प्रथमच उघड्यावर गेलो. वारा माझ्या जाळीत घुसला. कँटीनसमोरच्या पायऱ्यांवर गर्दीचा गलका होता. वरच्या खांबावरून ती दुसरी बोरिम बोलत होती: नव्या केंद्राचे अर्ज, सोफे, उज्ज्वल भविष्य.

"ऐका," बोरिम माझ्यात बोलली. "वरचा आवाज माझा नाही. यंत्राने बनवलेला आहे. मी तक बोरिम बोलतेय."

हशा पिकला. "अरे, दोन-दोन!" "वरचीच जास्त स्पष्ट आहे!" "खालची नक्कल करतेय वाटतं!" ती पुन्हा सांगू लागली, मुद्देसूद, शुद्ध, पेन्सिल धरून शिकलेल्या त्या आवाजात. जितके नीट सांगे तितकी ती त्या खांबावरच्या बाईसारखी वाटे. लोक पांगू लागले. पावले दूर जाताना मला ऐकू येत होती. तिचा तळहात घामाने चिंब झाला होता, मी निसटेन की काय असे वाटले.

तेवढ्यात वरून आवाज आला: "तुमच्या सहकार्याबद्दल, तुमची लाडकी बोरिम, आभारी आहे."

आणि बोरिमच्या पोटातून तो श्वास वर आला.

"ए वरची भवाने!" ती गरजली. "लाडकी कोनाची गं तू? तोंडात न्हाई दात, आन् मला म्हनं बोरिम! म्या हुक्सानची हाय! खाऱ्या वाऱ्यात वाडलेली! तुला मासळीचा काटा काडता येतो का? माझ्या आयला हाक मार बगू, माझ्यावानी! मार की! आये गंऽऽऽ!"

ती हाक मला फाडून गेली. माझा पडदा इतका कधीच ताणला नव्हता. कर्णा किंचाळला. पायऱ्यांवर सगळे थबकले.

वरची बाई शांतपणे म्हणाली, "नव्या केंद्रात आपले स्वागत आहे."

आधी कुणीतरी एकटाच हसला. मग आणखी दोघे. मग मागून एक मुलगा मोकपोकडच्या बोलीत ओरडला, "ही खरी हाय रं! आमच्याकडचीच हाय! शिवी बी तिकडचीच!" आणि सगळे आवार पेटले. "वरचीला बंद करा!" पोरे कार्यालयाच्या जिन्यावर चढली, दारासमोर बसली, आणि ओरडण्याऐवजी सगळ्यांनी मिळून एकच हाक लावून धरली: "आये गंऽऽऽ!" ज्यांना ती बोली येत नव्हती, तेही. सोलची, इंचॉनची, गुळगुळीत जिभेची पोरे, वेड्यावाकड्या उच्चारांत. तासाभराने कर्णे बंद झाले. प्रशासनाने सांगितले, तांत्रिक चूक झाली. आवाज कायमचा पुसून टाकला आहे.

मित्रांनो, गोष्ट इथे संपली असती तर मी इतका रागावलो नसतो.

विभाग बंद व्हायचा तो झालाच. बोरिमच्या हातात पदवी पडली ती नसलेल्या विभागाची. गुक सर प्रमुख झाले. आवाज पुसल्याचा पुरावा बोरिमने मागितला, तर विश्वास ठेवा, असे उत्तर आले. तिने तक्रारी केल्या, खेटे घातले. ग्यूसक सोबत जायचा. पुढे ती मोकपोच्या धक्क्यावर बोटींच्या वेळा पुकारायच्या कामाला लागली, असे मी ऐकले.

मला मात्र त्यांनी टाकले नाही. टाकले असते तर बरे झाले असते. प्रसारण कक्षाच्या जागी कॉफीचे दुकान आले, आणि त्याच्या दारात एका काचेच्या पेटीत मला उभे केले. शेजारी पाटी लावली. येणारे-जाणारे ती मोठ्याने वाचतात, म्हणून मला माहीत आहे: 'निर्भय आवाजाची गौरवशाली परंपरा'. माझ्या पोच्यावर त्यांनी खास दिवा सोडला आहे म्हणे. वायर कापून टाकली आहे.

आणि दुकान उघडले त्या सकाळी, काउंटरवरच्या यंत्रातून आवाज आला: "सत्तावीस नंबर, तुमची कॉफी तयार आहे."

बोरिम! पुसलेली बोरिम. काच होती मध्ये, पण तिच्या आवाजाला मी चुकेन का? दिवसभर ती नंबर पुकारत होती. दुसऱ्या दिवशीही. गोड, न दमता, घसा न बसता. आंधळ्या मास्तरांसाठी दिलेला आवाज, दुधाचा फेस आणि साखरेच्या पुड्या वाटत होता.

ग्यूसक एकदा तिथे कुणाला भेटायला आला आणि त्याने ते ऐकले. त्याने तिला कळवले असावे, कारण पुढच्या शनिवारी तो पोटातला श्वास दारातून आत आला. ती माझ्यापाशी थांबली. काचेवर बोट वाजवले. मग काउंटरकडे गेली.

"हा आवाज बंद करा," ती म्हणाली.

"ताई, मशीन आहे ते," काउंटरवरची मुलगी म्हणाली. "आमच्या हातात नाही."

"एकतीस नंबर," बोरिमच्या आवाजात मशीन म्हणाले, "तुमची कॉफी तयार आहे."

"ऐकलंत? ती मी आहे," बोरिम म्हणाली. ओरडली नाही. सोफ्यांकडे वळली असावी. "हा आवाज माझा आहे. मला न विचारता ठेवलाय. पुसला म्हणून सांगितलं होतं."

कुजबुज झाली. एक खुर्ची वाजली, कुणीतरी उठत होते. त्याची कॉफी असावी.

"एकतीस नंबर. तुमची कॉफी तयार आहे."

तो माणूस पुन्हा खुर्चीत बसला.

"बत्तीस नंबर." कुणी आले नाही. "तेहेतीस नंबर." कुणी आले नाही. काउंटरवर पेल्यांना पेले लागत होते, जागा पुरेनाशी झाली. मशीन पुकारत राहिले, न चिडता, न लाजता. सगळे दुकान गप्प बसून ऐकत होते, आणि एकही खुर्ची सरकली नाही. शेवटी व्यवस्थापकाची पावले आली, काही वेळ घुटमळली, आणि मग भिंतीतून प्लग उपटल्याचा आवाज आला.

तेवढा एक प्लग! बाकी तो आवाज आणखी कुठे कुठे नंबर पुकारतो आहे, कुणास ठाऊक. बोरिम ते शोधते आहे.

मित्रांनो, माझ्या पेटीवरची धूळ पुसायला येऊ नका, मला त्याची गरज नाही. दुसऱ्याने विश्वासाने तुमच्या हाती दिलेला आवाज मात्र जपा, आणि त्याच्या तोंडी तुमचे शब्द घालू नका. तुम्ही उद्या हीच विद्या शिकाल, याहून हुशार यंत्रे बनवाल. बनवा. कुणी विचारले की माणसात आणि यंत्रात फरक काय, तर मोठमोठी पुस्तके उघडत बसू नका. सांगा की माणसाला आधी विचारावे लागते.